झाकलेलं ताट

बर्नी गावातल्या रंग कारखान्यात डल्सी ट्रेविनचं काम म्हटलं तर गमतीचं होतं. नवा रंग तयार झाला की त्याला नाव द्यायचं. 'मावशीचा मंगळवार', 'ओला पाव', 'सांगू नकोस' ही सगळी तिचीच नावं. गावातला रंगांचा दुकानदार क्लिफ तिला दिसेल तिथं गाठायचा.

"अगं बाई, गिऱ्हाईक विचारतं, 'सांगू नकोस' म्हणजे पांढरा की करडा? मी काय सांगू?"

"सांगू नकोस," म्हणायची आणि डल्सी पुढं निघायची.

एका नावाची मात्र ती थट्टा करू द्यायची नाही. करड्याकडं झुकणारा तो हिरवा तिनं कारखान्यातल्या माणसांच्या मागं लागून, पुन्हा पुन्हा नाकारून, हवा तसा करून घेतला होता. नाव दिलं 'झाकलेलं ताट'. हिरव्या रंगाचा आणि ताटाचा काय संबंध, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

डल्सी शाळेत होती तेव्हा तिचा थोरला भाऊ नेव्हिल वडिलांची होडी घेऊन मासे धरायला गेला. वडिलांनी उरलेसुरले डबे एकत्र ओतून होडी रंगवली होती. तसला हिरवा किनाऱ्यावर दुसरा नव्हता. संध्याकाळी आईनं, व्हेरानं, त्याच्यासाठी मटण-बटाटे वाढले, वर दुसरं ताट पालथं घातलं आणि चुलीच्या उबेला ठेवलं. होडी सापडली. नेव्हिल सापडला नाही. आई पुढं कितीतरी दिवस त्याचं वाढून झाकत राहिली. मग एकदा तिनं ते थांबवलं, आणि त्यानंतर त्या घरात नेव्हिलचं नाव कुणी काढलं नाही.

रंग मात्र भलताच खपला. शेजाऱ्याच्या कुंपणाला, दातांच्या दवाखान्याला, टपाल कचेरीच्या दाराला. कोपऱ्यावर वळलं की तो समोर उभा. आपणच त्याला गावभर मोकळा सोडला, असं डल्सीला वाटायचं.

मग आईच्या वृद्धाश्रमात जेवणघराबाहेरची लांब भिंत त्याच रंगानं रंगवली गेली.

व्हेरा तोवर लेकीलाही ओळखेनाशी झाली होती. पण त्या भिंतीसमोर खुर्ची ओढून बसली ती उठेचना.

"आली," ती डल्सीला म्हणाली.

"काय आलं, आई?"

"होडी. त्याला म्हणावं, आधी पाय धू. वाळू आणू नको घरात."

परिचारिका रोविना डल्सीला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरगा आल्याशिवाय घास घेणार नाही म्हणतात हो. सकाळपासून पाण्यावर आहेत."

डल्सीनं व्यवस्थापकांच्या हातापाया पडून भिंत पुन्हा रंगवून घेतली. साधा सायीचा रंग. दुसऱ्या दिवशी ती आली तर आई भिंतीवरून दोन्ही तळवे फिरवत होती.

"आई, काय शोधतेस?"

"खाली आहे तो," व्हेरा हळूच म्हणाली. "मेल्यांनी वर काय काय घातलंय त्याच्यावर."

डल्सीनं सूप मागवलं, आईशेजारी बसली आणि इतक्या वर्षांत न उच्चारलेलं नाव उच्चारलं.

"नेव्हिलला उशीर होईल, आई. तू खाऊन घे."

व्हेरानं तिच्याकडं नीट पाहिलं. "तू कोण गं?"

"त्याची बहीण."

"असं होय," आई म्हणाली आणि तोंड उघडलं.

त्या दिवसापासून ती डल्सीच्या हातून जेवू लागली. शेवटपर्यंत जेवली. जेवण झालं की मात्र ती वाकून भिंतीवर बोटांनी टकटक करायची, आणि कान लावून थांबायची. डल्सी तिला कधी आवरत नसे. तीही पुढं वाकून, श्वास रोखून ऐकत राहायची.