ऐंशीला काढायची वायर

दुपारचं जेवण आवरून, दाराला कडी घालून कुमुदिनीबाई आडव्या होतात. डोळा लागतोय न लागतोय अशी वेळ. देवघराशेजारच्या चौरंगावर, उशीवर, शालीत गुंडाळून मोरेश्वररावांचा लॅपटॉप ठेवलाय. अकरा चातुर्मासांची कीर्तनं त्यांनी त्यात भरून ठेवली आहेत. ते जाऊन सात महिने झाले. तेव्हापासून बाईंनी त्याची वायर काढलेली नाही. नंदादीप विझू द्यायचा नसतो, तसंच हे. पण हल्ली वीज गेली की दहा मिनिटांत तो मान टाकतो.

खरं दुखणं मात्र वेगळंच. मोरेश्वरराव बहिणीच्या स्वप्नात दोनदा येऊन गेलेत. शकूवन्संनी फोन करून कौतुकानं सांगितलं, "वहिनी, दादा आला होता. म्हणाला, कुमूला सांग, बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या वर भरू देऊ नकोस."

नवऱ्यानं बायकोसाठीचा निरोप बहिणीजवळ द्यावा? चाळीस वर्षं आमटी कुणी केली? बाई कूस बदलतात, वायरीवरचा इवला दिवा पाहतात, डोळे मिटतात.

झांजा वाजतात. देवळाच्या मंडपात सतरंजीवर मोरेश्वरराव बसलेत, मांडीवर लॅपटॉप.

"शाल काढ आधी. गरम होतोय तो."

"सात महिन्यांनी आलात, आणि काळजी त्याची."

"तुझ्याकडेच आलो ना?"

"वन्संकडे दोनदा जाऊन मग."

"शकू गाढ झोपते. तू झोपतेस कुठं? त्या दिव्यावर नजर ठेवून पडतेस. येऊ कुठून?"

बाई खांबाला टेकायला जातात तर पाठीला ओट्याची गार कडा लागते. स्वयंपाकघरातच कीर्तनाचे बुवा उभे आहेत. पूर्वरंग संपलाय. बुवांच्या गळ्यात हार पडतो, कपाळी बुक्का लागतो, नि ते बाईंच्याच पाटावर टेकतात.

"बघ," मोरेश्वरराव म्हणतात, "मध्यंतराला बुवासुद्धा बसतात. नाहीतर उत्तररंगाला गळा राहील? याला तू सात महिने उभं ठेवलंस, वर शालीत. ऐंशीला आला की वायर काढायची. वीसवर उतरला की लावायची."

"आणि मधेच विझला तर? तुमचं सगळं त्यातच आहे."

"असा नाही विझत. वीसला आला की हाक मारतो."

"तुम्ही नाही मारलीत."

मोरेश्वरराव शाल काढून तिची घडी घालतात. बुवा झांज धरून थांबलेत.

"हाक मारायची राहिली खरी," ते म्हणतात. "तू आत दूध तापवत होतीस. म्हटलं, येईलच."

ते वाकून वायर काढतात. दिवा जातो. सवयीनं वायरीची नीट गुंडाळी करतात आणि बांधायला मनगटावरची शकूची जुनी राखी सोडू लागतात. पूर्वीही तीच बांधायचे. बाई त्यांचा हात धरतात.

"ती नको."

"या वयात?"

"या वयातच."

ते हसतात. "मग तू काय देतेस?"

बाई पदराचा काठ दातांत धरतात आणि टर्रकन फाडतात.

चार वाजता त्या उठतात तेव्हा ऊन सरकून चौरंगापर्यंत आलंय. कडी आतून तशीच. शाल घडी करून बाजूला ठेवलेली, लॅपटॉप निजलेला. शेजारी वायरीची गुंडाळी, त्यांच्या नेसत्या लुगड्याच्या जांभळ्या काठानं दोन गाठी मारून बांधलेली. पदर चार बोटं फाटलाय.

फोन वाजतो. बाई तो जरा वाजू देतात.

"वहिनी, आज दुपारी डोळा लागला, पण दादा काही आला नाही हो."

"असं होय," कुमुदिनीबाई म्हणतात. "वन्सं, उद्या इकडे याल तेव्हा लॅपटॉपची एक नवी वायर घेऊन या."

"जुनीला काय झालं?"

"काही नाही. बांधून ठेवलीय ती," बाई म्हणतात, आणि त्या गाठीवरून अंगठा फिरवत राहतात.