तीनमुद्दे सर आणि दारात थांबलेली बाई

कॉलेजात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. ‘तीनमुद्दे सर’ म्हटलं की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना कळायचं. पहिल्या वर्षाला इंग्रजीचं निबंधलेखन सक्तीचं होतं आणि ते शिकवायचा मक्ता जणू सरांनीच घेतला होता. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. विषय समुद्र असो, शिस्त असो नाहीतर मृत्यू, मुद्दे तीनच. दोन लिहिणारा आळशी आणि चार लिहिणारा आगाऊ, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. माणूस वाईट नव्हता हो. तासाला उशीर नाही, वह्या वेळेवर तपासून परत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण जन्मभर एकच साचा वापरला की तो कुठे ना कुठे चिकटतोच. सरांच्या तो जिभेला चिकटला होता.

बायकोशी पहिली भेट झाली तेव्हा समोरची कॉफी निवून पाणी झाली तरी सर बोलत होते. आपण लग्न का करावं? एक, दोघांनाही वाचनाची आवड आहे. दोन, दोघांची घरं एकाच बसच्या रस्त्यावर आहेत. तीन, दोघांनाही कुत्र्यांची भीती वाटते. सबब, लग्न करावं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि हो म्हणाली. त्या हसण्यावर संसाराची बरीच वर्षं निघाली. पण हसू म्हणजे काही पिंपात भरून ठेवायची वस्तू नव्हे, आणि ते पुढे कमी पडत गेलं.

तिचे वडील गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात टेबलावर डोकं टेकून हुंदके देत होती. सरांनी खुर्ची ओढली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून विचारलं, “रडू नकोस. मला सांग, मुख्य मुद्दा काय आहे?” आता यात त्यांचा हेतू वाईट होता असं कुणी म्हणू नये. पसरलेलं कपाट आवरून द्यावं तसं त्यांना तिचं दुःख आवरून द्यायचं होतं. ती मात्र रडायची थांबली, उठली, तोंड धुतलं, आणि त्यानंतर त्यांच्यासमोर कधी रडली नाही. सरांना वाटलं, उपाय लागू पडला.

तिची नोकरी दातांच्या दवाखान्यात होती, दाराशीच, काउंटरमागे. माणसं गाल धरून यायची आणि आत बोलावणं येईपर्यंत तिला सगळं सांगायची. त्यात मुद्दाबिद्दा काही नसे. दाढेपासून सुरुवात व्हायची आणि गाडी सासूपर्यंत जायची. ऐकून ऐकून तिचे कान तुडुंब व्हायचे. घरी येऊन ती सांगायला लागली की सर हातातला पेपर खाली ठेवून म्हणायचे, “थोडक्यात?” मग ती थोडक्यात सांगायची. पुढे पुढे तेही बंद झालं. फ्रिजवर ‘बाहेर जाऊन येते’ अशी चिठ्ठी लावून ती गेली, तर परत येईपर्यंत चिठ्ठीच्या कडेला लाल शाईत लिहिलेलं असायचं, ‘कुठे? कशासाठी? तपशील द्या.’

मुलगी परगावी नोकरीला लागली आणि घरात दोघंच उरली. तेव्हा कधीतरी तिनं जेवताना विषय काढला.

“ताई एकटीच असते तिकडे. ये म्हणते सारखी. जाऊन राहावं म्हणते मी.”

“किती दिवस?”

“ते नाही ठरलं.”

सरांनी घास गिळला. “एक, प्रवास दिवसाचा कर. दोन, तुझी औषधं विसरू नकोस. तीन, दवाखान्यात आधी कळव.”

“बरं,” ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरची बॅग काढून कपाटाशेजारी ठेवली. ती बॅग तिथेच राहिली. ती भरेना आणि परत वरही टाकेना. रोज सकाळी आंघोळीला जाताना सर बॅगेला लांबून वळसा घालायचे. हा वळसा कोणत्या मुद्द्याखाली घालावा, ते काही त्यांना उमगत नव्हतं.

अशात विभागावर संकट आलं. सर्जनशील लेखनाचा संध्याकाळचा वर्ग घेणारे कवीसर सत्र अर्धवट टाकून दुसऱ्या कॉलेजात निघून गेले. विभागप्रमुख बाईंनी सरांना बोलावलं. बाई साहित्य शिकवायच्या. त्यांच्या तासाला छत्री ही कधी छत्री नसायची आणि खिडकी तर नाहीच नाही. “वर्ग तुम्ही घ्या,” त्या म्हणाल्या. “लिहिणं शेवटी लिहिणंच.” सर नाही म्हणणार होते, पण नकाराचं तिसरं कारण सुचायच्या आत बाईंनी वेळापत्रकावर सही केली होती.

हा वर्ग गावातल्या कुणालाही खुला होता. पहिल्या दिवशी सर आत शिरले तर खुर्च्या गोलात मांडलेल्या. एका खुर्चीवर कायम लोकरीची टोपी घालणारी एक विद्यार्थिनी, एकीवर रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस, आणखी चार-सहा जण, आणि खिडकीपाशी मांडीवर पर्स ठेवून त्यांची स्वतःची बायको.

घरी आल्याआल्या सरांनी विचारलं, “अगं, तू तिथे कशी?”

“फॉर्म भरून.”

“मला सांगायचं तरी!”

“सांगणार होते. पण थोडक्यात जमेना.” तिनं चपला कोपऱ्यात सारल्या. “आणि हे बघा, माहेरचं नाव लावलंय मी. वर्गात मी तुमची कुणी लागत नाही. उगाच ‘अगं’ करून हाक मारू नका.”

त्यामुळे सरांवर आपल्या बायकोला अहोजाहो करायची पाळी आली. “तुम्हाला काय वाटतं?” असं तिला पहिल्यांदा विचारताना त्यांची जीभ अडखळली. गंमत म्हणजे, तिला काय वाटतं ते तिनं चांगलं पाच मिनिटं सांगितलं, आणि वर्गात थोडक्यात म्हणायची सोय नसल्यामुळे सरांना ते सगळं ऐकावं लागलं.

कवीसरांनी घालून दिलेली एक पद्धत होती आणि वर्ग ती मोडू देईना. प्रत्येकानं आपलं लेखन टाइप करून, नाव न घालता, टेबलावरच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. सरांनी एक कागद उचलून मोठ्यानं वाचायचा. मग सगळ्यांनी बोलायचं. ज्याचं लेखन असेल त्यानं मात्र तोंडाला कुलूप लावून बसायचं, जणू आपला काही संबंधच नाही. अगदी शेवटी त्याला एक वाक्य बोलायची मुभा. एकच. सरांना ही शिक्षा भयंकर वाटायची. मुद्दा चुकतोय हे दिसत असताना माणसानं गप्प कसं बसायचं?

त्या संध्याकाळी विभागप्रमुख बाई मुद्दाम वर्ग बघायला आल्या होत्या. सरांनी डब्यात हात घातला, कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. गोष्ट एका बाईची होती. पहिला परिच्छेद त्यांनी छान सुरात वाचला. दुसऱ्यात बाईचे वडील वारले आणि नवऱ्यानं विचारलं, मुख्य मुद्दा काय आहे?

सर पाणी प्यायले आणि पुढे वाचू लागले, कारण न वाचून करतात काय? सगळं होतं त्यात. निवलेली कॉफी होती, कुत्र्यांची भीती होती, चिठ्ठीवरची लाल शाई होती. वर्ग खदखदा हसत होता. तपासनीसांना तर हसता हसता ठसका लागला. आपल्याच संसाराची फजिती आपल्याच तोंडानं, नीट विरामचिन्हांसकट वाचून दाखवायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. शेवटी ती बाई बॅग घेऊन दारात उभी राहते, नवरा आत पेपर तपासत असतो, आणि गोष्ट तिथेच थांबते. शेवट लिहिलेलाच नव्हता.

सरांनी हळूच खिडकीकडे पाहिलं. बायको नियमाप्रमाणे गप्प होती, आणि बाकीच्यांसारखीच कागदावर काहीतरी टिपून घेत होती.

“फारच गमतीदार,” टोपीवाली म्हणाली. “पण सर, नवरा पटत नाही. बायको रडतेय आणि हा मुद्दा विचारतो? असा माणूस असतो का कुठे? लेखकानं ओढूनताणून केलाय.”

“असतो,” सर म्हणाले.

“थोडा तरी चांगुलपणा दाखवायला हवा होता त्याचा.”

“नाही, नाही. बरोबर लिहिलंय. तो तसाच आहे.” सरांचे कान तापले होते. “म्हणजे, तसा असू शकतो.”

आता विभागप्रमुख बाई सरसावल्या. “मला वाटतं, तुम्ही सगळे वरवर बघताय. बॅग. बॅगेकडे लक्ष द्या. ती भरलेली आहे की रिकामी, हे सांगितलेलं नाही. बॅग म्हणजे उघडउघड मृत्यू आहे.”

“कसला मृत्यू!” सर एकदम उसळले. “बॅग म्हणजे बॅग आहे, बाई! चॉकलेटी रंगाची, चेन अडकणारी साधी बॅग. महिनाभर कपाटाशेजारी पडून आहे ती!”

तपासनीसांनी चष्मा नाकावर खाली घेतला. ज्या नजरेनं त्यांनी उभ्या हयातीत फुकटे प्रवासी हेरले असतील, त्याच नजरेनं त्यांनी सरांकडे पाहिलं.

“सर, चेन अडकते असं कुठे आलंय वाचनात?”

“आलं नाही?”

“नाही. चॉकलेटी रंगही नाही. कपाटही नाही.”

टोपीवालीनं सरांकडे पाहिलं, मग एकेक खुर्ची बघत बघत तिची नजर खिडकीपाशी जाऊन थांबली आणि तिनं हळूच तोंडावर हात ठेवला. हळूहळू सगळ्यांच्याच ध्यानात आलं. विभागप्रमुख बाईंना तेवढं कळलं नव्हतं, कारण त्या अजून मृत्यूत अडकल्या होत्या. “ते असू दे,” त्या म्हणाल्या. “शेवट काय व्हावा, यावर बोला. ती जाणार की राहणार?”

मग टोपीवालीच खाली बघत म्हणाली, “खरं सांगू का? मी असते तर गेले असते. आणि परत आले नसते.”

“मीसुद्धा,” तपासनीस म्हणाले आणि लगेच खोकले. दोन-तीन माना हलल्या.

सर उठून उभे राहिले. खडू हातात नसताना उभं राहिलं की हातांचं काय करावं ते त्यांना कधीच कळत नसे. “माझं मत वेगळं आहे,” ते म्हणाले. “तिनं जाऊ नये. किंवा जावं, पण परत यावं. पहिला मुद्दा, इतकी वर्षं ती राहिली, त्याला काहीतरी कारण असलंच पाहिजे. दुसरा मुद्दा, नवरा मूर्ख आहे, दुष्ट नाही. तिसरा...”

तिसरा मुद्दा आलाच नाही. सर वाट बघत होते. वर्गही वाट बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला तिसरा मुद्दा मिळत नव्हता. त्यांच्या हनुवटीला कंप सुटला होता आणि तो काही केल्या आवरत नव्हता.

“तिसरा नाहीये,” ते शेवटी म्हणाले. “ती नसली तर त्याचं काय होईल तेच मला कळत नाही. त्याला भीती वाटते. रोज सकाळी वाटते. बस, एवढंच,” आणि ते खाली बसले.

तपासनीसांनी नियमाची आठवण करून दिली. “आता लेखकाचं एक वाक्य.”

तिनं पर्समधून रुमाल काढला. डोळे पुसले, सगळ्यांसमोर, सरांच्यासुद्धा.

“ती जाते,” ती म्हणाली, “पण परत येते, आणि हे मला काल लिहिताना माहीत नव्हतं.”

विभागप्रमुख बाई समाधानानं म्हणाल्या, “परत येणं म्हणजे अर्थातच पुनर्जन्म.”

ती खरोखरच गेली. ताईला शब्द दिला होता. आणि नवरा एकदा वर्गात रडवेला झाला म्हणून बाईनं आपले बेत मोडावेत असा काही कायदा नाही. बसच्या थांब्यापर्यंत सरांनीच बॅग उचलली. वाटेत ते बडबडत होते. गॅसवाला, शेजारणीचं मांजर, मुलगी लहानपणी झोपेत हसायची ते, तपासनीसांनी नवी गोष्ट लिहिलीय ते, मध्येच परत मांजर. कशाचा कशाला पत्ता नव्हता. ती ऐकत होती आणि एकदाही तिनं त्यांना थांबवलं नाही.

ती बसमध्ये चढली, खिडकीपाशी बसली आणि काच सरकवून बाहेर वाकली.

“फोन कराल ना?”

“रोज करीन.”

“काय बोलाल रोज?”

सर खिडकीच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी खूप विचार केला.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

“मग नक्की करा,” ती म्हणाली, आणि बस सुटली.