पंधरा-पंधरा

हिंदी मुलखातल्या संकठा घाटावरच्या आमच्या गल्लीत रेल्वेतले एक पार्सलबाबू राहायचे. मोठा आकडा दिसला की ते एकाआड एक अंक मिळवायचे, आणि दोन्ही बेरजा सारख्या आल्या की मांडीवर थाप मारायचे, "अकरानं भाग जातो, भैया!"

माझा परीक्षेचा नंबर २६९३४६. दोन, नऊ, चार पंधरा. सहा, तीन, सहा पंधरा. तेव्हापासून मी त्यांचा 'पंधरा-पंधरा'.

बी.ए.चा निकाल पेपरात आला, तेव्हा मी भीतीनं घरातच बसलो. माझ्या वडिलांना, अण्णांना, वाचता येत नव्हतं. त्यांनी हिंदी पेपरवाल्याला तोंडी, मराठीतच नंबर सांगितला, शेवटी सेहेचाळीस. त्यानं ते हिंदीतलं सैंतालीस समजून सत्तेचाळीस शोधलं.

अण्णा पडल्या चेहऱ्यानं परतले. "सैंतालीस नाही म्हणतो."

दारातच बाबू ओरडले, "सत्तेचाळीस कसं असेल, अण्णा? एक बाजू सोळा होते की!" ते अनवाणीच धावले आणि पेपर घेऊन आले. मी पास होतो.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बाबूंनी नंतर अण्णांना तेवढे सहा आकडे शिकवले. पाहुणे आले की अण्णा भिंतीवरच्या माझ्या गुणपत्रिकेवर बोट फिरवतात, "पंधरा... आणि हे पंधरा. बघा, चूक नाही."