तावीचा डोह आणि ग्युस्तावचं डबकं

ऑक्टेव्हियस टेलेमाक या भारदस्त नावानं त्याला पाद्रीबाबांनी एकदाच हाक मारली, तीही बाप्तिस्म्याच्या दिवशी. पुढं जन्मभर तो बेल-रावीन गावचा तावी. उतारावर केळी आणि अळकुड्या लावायच्या, मोजकं बोलायचं आणि सगळ्यांकडं किंचित कीव आल्यासारखं बघायचं, असा त्याचा खाक्या. आपल्याइतका धूर्त माणूस अख्ख्या डॉमिनिका बेटावर नाही, असं त्याचं स्वतःबद्दल अगदी प्रामाणिक मत होतं.

या मताला आधार होता एका डोहाचा. नीरफणसाची झाडं संपतात तिथून ओढ्याच्या कडेनं वर गेलं की दोन काळ्या खडकांमधून पाणी खाली उडी घेतं, आणि त्या पाण्याखाली हा डोह. गार, हिरवा, तळाचा गोटा न् गोटा दिसणारा. लग्नाआधी क्लोथिल्डानं त्याला तो दाखवला होता. "कुणाला सांगितलंस तर तुझं थोबाड बघणार नाही," असा दमही भरला होता. तावीनं सांगितलं नाही. लग्न झालं, पोरं मोठी होऊन परदेशी गेली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी नवराबायको गावाचा डोळा चुकवून डोहावर जातच राहिली.

मग क्लोथिल्डा गेली. तावी एकटा जाऊ लागला. पाण्यात उतरलं की ती आत्ताच अंग पुसून पुढं गेलीय, वळणावर थांबली असेल, असं त्याला वाटायचं. घरात तसं कधीच वाटत नसे. तेव्हा डोह राखणं हाच त्याचा खरा धंदा झाला होता. केळी आपली नावाला.

जाण्याची रीतही ठरलेली. खांद्यावर कोयता, बगलेत पोतं, चारचौघांत "केळी बघून येतो" म्हणायचं, आणि दफनभूमीच्या मागून हळूच वर वळायचं. परतताना डोकं ओलं असे. त्यावर उपाय म्हणून तो गावात शिरताच कपाळ पुसत मोठ्यानं म्हणे, "काय उकडतंय आज!" भर पावसाळी ढगांतही म्हणे. इतक्या वर्षांत त्या वाटेवर त्याला एक माणूस आडवा आला नाही. हे सगळं आपल्या डोक्यामुळं, याबद्दल त्याला शंका नव्हती.

पुढं बेटावर नवीनच खूळ आलं. पाहुण्यांना नावाजलेले धबधबे नकोसे झाले. त्यांना म्हणे, कुणीच जात नाही अशी जागा हवी. असलंच एक जोडपं मा युफ्राझीच्या रमच्या दुकानात येऊन हेच विचारायला लागलं. दुकानातले सगळे, कोण जाणे का, तावीकडं बघू लागले. तावीचं डोकं कामाला लागलं.

"ग्युस्तावकडं जा," तो म्हणाला. "डुकरांच्या खोपटामागं. तिथं कुणी म्हणजे कुणीसुद्धा जात नाही."

यात खोटं काही नव्हतं. ग्युस्ताव हा क्लोथिल्डाचा धाकटा भाऊ. त्याच्या खोपटामागं कोमट चिखलाचं एक डबकं होतं. गंधकाचा असा भपकारा यायचा की डुकरंसुद्धा नाइलाज म्हणूनच लोळत. जोडपं तासाभरात शिव्या घालत परत येईल, असा तावीचा हिशेब होता. ते संध्याकाळी परत आलं. डोक्यापासून पायापर्यंत काळंकुट्ट, आणि आनंदानं वेडं झालेलं. जगात इतकी अस्सल जागा आपण पाहिली नाही, असं ते म्हणत होतं.

त्यांचे फोटो कुठंकुठं पोचले देव जाणे. आधी एक गाडी आली, मग गाड्याच गाड्या. ग्युस्तावनं डुकरं हलवली आणि पाटी लावली, "बेटावरची सर्वांत गुप्त जागा". खाली बाण. पाटी इतकी मोठी की हमरस्त्यावरून वाचता यावी.

"सगळी दाजींची कृपा," ग्युस्ताव भेटेल त्याला सांगे. "माणसाला नजर असावी तर अशी!"

दाजी मनातल्या मनात पोट धरून हसायचे. लोळा लेको डुकराच्या चिखलात. माझं पाणी सलामत आहे.

उन्हाळ्यानं घात केला. डबकं आटलं. पाहुणे चिखल फासून घेत आणि धुवायला पाणी नाही म्हणून तसेच उन्हात तडकत उभे राहत. एक बाई तर चिखलासकट बोटीवर परतली. मग मा युफ्राझीच्या दुकानात गाव जमलं.

"वरच्या ओढ्याचं पाणी पाइपानं आणावं म्हणतो," ग्युस्ताव म्हणाला. "दाजी, तुमची काही हरकत?"

"माझी कशाला हरकत? ओढा काय माझ्या बापाचा आहे?"

"तसं नाही हो. विचारलेलं बरं."

"नीट विचार करून सांग, तावी," मा युफ्राझी गल्ल्यामागून म्हणाली. "घाई नाही."

"नको असेल तर सरळ नको म्हणा, दाजी. आम्ही दुसरं काही बघू."

तावी मनात चपापला. ही माणसं वास काढताहेत! नको म्हटलं की का म्हणून विचारतील, मग शोधायला जातील, मग पाटी, मग बाण. त्यापेक्षा आपणच डोहाच्या बऱ्याच वरची जागा दाखवावी. वरच काम झालं तर खाली कुणाची नजर जाणार नाही, आणि थोडंफार पाणी झिरपत राहीलच.

"घ्या की!" तो म्हणाला. "जागा मीच दाखवतो."

गावानं कुदमें ठरवलं. कुदमेंची हाक आली की घरी बसायचं नाही. ज्याचं काम त्यानं जेवण घालायचं, बाकीच्यांनी हत्यारं घेऊन हजर व्हायचं. शनिवारी अख्खं गाव ओढ्यावर लोटलं. बाप्यांनी बांध घातला, पाइप जोडले. बायांनी हिरवी केळी सोलून माशांच्या रश्शात सोडली. बांधाचा शेवटचा दगड मानानं तावीच्या हातात दिला गेला, आणि त्यानं तो बसवला.

खालून येणारा पाण्याचा आवाज थांबला. जन्मभर ऐकलेला आवाज, थांबल्यावर केवढा मोठा होता ते कळलं. तावीनं वर बघितलं तर सगळ्यांचे हात थांबलेले. ग्युस्तावनं टोपी काढली होती.

मा युफ्राझी रश्शाची वाटी घेऊन आली. "मोठं मन केलंस, तावी. क्लोथिल्डाचा डोह गावाला दिलास."

"कसला डोह?" तावी सवयीनं म्हणाला.

"आता तरी पुरे कर रे बाबा! ओलं डोकं घेऊन 'काय उकडतंय' म्हणत यायचास. आणि तुझ्यामागून क्लोथिल्डा, केसांना शेवाळ लागलेली. हसू दाबून दाबून आमच्या बरगड्या दुखायच्या. पोरांना आम्ही ताकीदच दिलेली, तिकडं फिरकायचं नाही, ती त्या दोघांची जागा आहे."

"म्हणून तर पुन्हा पुन्हा विचारलं, दाजी," ग्युस्ताव म्हणाला. "तुम्ही नुसती मान हलवून नको म्हटलं असतं, तर कुणी कुदळ उचलली नसती. मला वाटलं, ताईचं दुःख आता हलकं झालं असेल."

तावीला भडभडून आलं. ज्यांना तो आयुष्यभर मूर्ख समजत आला, त्यांनीच त्याचं गुपित त्याच्याहून चांगलं राखलं होतं. अजून वेळ गेली नव्हती. दगड काढा, एवढंच म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. समोर घामानं निथळणारं अख्खं गाव हातात वाट्या घेऊन त्याच्याकडं कौतुकानं बघत होतं.

"मीठ कमी आहे," तावी म्हणाला.

दुसऱ्या सकाळी तो वर डोहावर गेला. झिरपत वगैरे काही नव्हतं. गोटे कोरडे पडले होते आणि वळणावर कुणी थांबल्यासारखं वाटलं नाही. तिथून तो कोयता न घेता, काही न बोलता, हमरस्त्यानं ग्युस्तावकडं गेला. पाइपातून पडणारं पाणी गार होतं. ते पाणी त्यानं ओळखलं. त्याखाली, नाकाला झोंबणाऱ्या चिखलात, तो बसून राहिला.

गाड्या आल्या. एक पाहुणी पाटी वाचून कंटाळल्यासारखी त्याच्याजवळ आली.

"काका, इथं फारच गर्दी आहे. कुणीच जात नाही अशी एखादी जागा नाही का?"

"आहे," तावी म्हणाला. "नीरफणसाची झाडं संपली की वर."

"पाणी आहे तिथं?"

"ते इथं आहे," तावी म्हणाला आणि मानेपर्यंत आत बसला.