तिसरी हाळी

पोलीस भरतीत पोरी घेणार आहेत हे मला बी.ए. झाल्यावर कळलं, आणि तिथं पळायची परीक्षा असते हे त्याच्याही नंतर. आमच्या वस्तीतली पहिली पदवीधर मी. लोकांना वाटायचं, आता ही खुर्चीवर बसणार. मी मात्र आईबरोबर लोकांच्या रानात खुरपायला जात होते. एकदा हाताला खुरप्याची सवय लागली की ती जन्मात सुटायची नाही, ही धास्ती मनात घर करून होती. ऐन हिवाळ्यात पहाटं गोधडी फेकून मला उभं केलं ते त्या धास्तीनं. उमेद, जिद्द हे शब्द मी पुढं भाषणांतून ऐकले.

पळायला रस्ता एकच होता, दुष्काळी कामावर झालेला, गावापासून पाझर तलावापर्यंत जाणारा. त्याची खडी माझ्या आईनं आणि बापानं फोडलेली, म्हणून मला तो आपला वाटायचा. दोन्ही बाजूंची रानं मात्र आपली नव्हती. शाळू माणूस बुडेल एवढा उंच झालेला, कणसं हुरड्यात आलेली. दूध सोसायटीकडं किटल्या घेऊन जाणारी माणसं रस्त्याला लागायच्या आत मला परत घरात असायला हवं होतं. आमच्याकडं पोरगी 'पळाली' म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो आणि तो धावण्याचा नसतो.

कपड्यांचा घोळ वेगळाच. साडीवर पळून बघितलं, तलावापर्यंत दोनदा पडले. मग थोरल्या भावाची साखर कारखान्यातली जुनी खाकी पँट घेतली आणि कमरेला सुतळीनं आवळली. वर त्याचाच सदरा, त्यावर आईनं उसवून पुन्हा विणलेला स्वेटर. पायात कॉलेजातले कॅनव्हासचे बूट, आत मोज्यांच्या दोन जोड्या. वेणी स्वेटरच्या आत खुपसायची आणि बापाचा मफलर डोक्यावरून, कानांवरून, तोंडावरून गुंडाळायचा. डोळे तेवढे उघडे. लांबून बघणाऱ्याला गडी वाटलं पाहिजे, हा हिशेब.

थंडीत पळणाऱ्यानं निघताना थोडं कुडकुडावं, म्हणजे वाटेत घामानं भिजत नाही, हे मला दुसऱ्याच दिवशी उमगलं. पण उमगून उपयोग काय? तलावाशी पोचेस्तोवर स्वेटर आतून ओला व्हायचा. तो काढून कमरेला बांधावा तर मी गडी उरत नव्हते. मग तसाच अंगावर ठेवायचा आणि परतीच्या वाऱ्यात तो पाठीला बर्फासारखा चिकटायचा. दात वाजायचे. ते थंडीनं वाजतात की भीतीनं, हे मी स्वतःला विचारत नसे.

भ्यायला कारणं होती. त्या पौषात कुणीतरी रानांतून कणसं खुडून न्यायला लागलं होतं. चोरी झाली की पहिली नजर आमच्या वस्तीकडं वळायची, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. बापानं एकदाच म्हटलं, हुरडा उरकेपर्यंत थांब. मी म्हटलं, भरती थांबायची न्हाय. आईनं मला दाराशी धरून बजावलं की अंधारात कुणी हाळी दिली तर पहिल्या हाळीला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाळीलाही नाही. तिसरी आली तर समजायचं माणूस आहे. जे माणूस नसतं ते तिसऱ्यांदा बोलवत नाही. आमच्या घरातले देव मी जन्मायच्या आधीच, धर्मांतरात गेले होते, पण ही हाळी राहिली होती. मी बी.ए. झालेली, मी हसले. आणि ते मनात पक्कं ठेवून निघाले.

त्या दिवशी धुकं होतं. तलावाहून परतताना डाव्या हाताच्या शाळूतून कुत्रं भुंकलं आणि राखणीच्या माळ्यावरून आवाज आला, "कोण हाय?"

पाय चालूच ठेवले. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, हे मला कळत होतं. माळा कुणाचा, राखणीला कोण बसतो, तेही माहीत होतं. तरी तोंडातून ओ निघेना. पुन्हा हाळी आली, या वेळी जवळून आणि चिरकी, "कोण हाय? कुणाचं हाय?"

मी तिसरीची वाट बघत होते. खरंच बघत होते. तिसरी आली की मफलर खाली ओढायचा आणि बापाचं नाव सांगायचं, असं ठरवून पळत होते. तिसरी आली नाही. गोफणीचा सणसण आवाज आला आणि मांडीवर असा दणका बसला की मी रस्त्यावर आडवी झाले. कुत्रं धावून आलं. पँटचा पाय त्यानं धरला आणि मी किंचाळले.

किंचाळी बाईची होती. माळ्यावरचं माणूस काठी घेऊन खाली उतरलं ते तिथंच खिळलं. मी मफलर ओढून काढला, वेणी बाहेर काढली आणि बापाचं नाव सांगितलं. तरी तो पुढं येईना. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "मामा, म्या पोरगी हाय. बी.ए. झालेली हाय."

त्यानं कुत्र्याला हाकललं. काठी टेकून खाली बसला.

"बी.ए. झाल्यावर बी पळावं लागतंय व्हय?"

"भरतीला लागतंय."

"मग ओ का दिली न्हाईस?"

मी सांगितलं, तिसऱ्या हाळीची वाट बघत होते. तो म्हणाला, "दोनदा दिली की. दोनदा ओ न देणारं माणूस नसतंय. त्याला तिसरी कोण देतंय? म्या लई भ्यालो, पोरी."

दोघांनाही एकच गोष्ट कुणीतरी लहानपणी शिकवलेली होती, आणि तिच्या दोन टोकांना आम्ही दोघं उभे होतो. दगड मांडीऐवजी कानशिलात बसला असता तर पुढचं लिहायला मी नसते.

मी हात जोडून म्हटलं, कुणाला सांगू नका. तो म्हणाला, सांगावं तर लागंल. पुढच्या माळ्यावर पोरंसोरं राखणीला असतात, त्यांचा दगड माझ्यावानी मांडीवर थांबायचा न्हाय. हे त्यानं काळजीनंच म्हटलं. मला मात्र त्या बोलण्यानं गार केलं. दुपारपर्यंत सगळ्या शिवाराला कळणार होतं की अमक्याची पोरगी पहाटं एकटी या रस्त्यावर असते, कधी जाते, कधी येते.

घरी मांडी काळीनिळी झाली होती. आईनं हळद लावली. दोन दिवस मी पडून राहिले. मांडीचं निमित्त होतं. खरं कारण ते नव्हतं. आतापर्यंत गडी म्हणून भ्यायचे, आता बाई म्हणून भ्यायचं होतं, आणि ते भय मला पहिल्यापेक्षा मोठं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी पहाटं आई उठली, खुरपं घासायला बसली. त्या आवाजानं मी उठले.

मफलर गळ्यात ठेवला. तोंड उघडं, कान उघडे, वेणी पाठीवर बाहेर. कान इतके दुखायचे की डोळ्यांतून पाणी यायचं. पण पहिल्या माळ्याजवळ आले की मीच हाळी द्यायची, बापाचं नाव घेऊन. मग पुढच्या माळ्याजवळ. कुणी ओ द्यायचं, कुणी घाण काहीतरी बोलून हसायचं, आणि कुठं काहीच आवाज यायचा नाही. तिथं मी सगळ्यात जोरात पळायचे. शाळूत नुसतं पान वाजलं तरी पावलं लांब पडायची. एक दिवसही असा गेला नाही की भीती कमी झाली. तलावापर्यंत पळायचा वेळ तेवढा कमी होत गेला.

भरतीला धाराशिवच्या मैदानावर आम्ही पोरी रांगेत उभ्या राहिलो. बऱ्याच जणी साडीचा काष्टा घालून आल्या होत्या, खाकी पँटमधली मी एकटी. मला बघून हसल्या. शिट्टी झाली आणि माझ्या मागं एकदम पुष्कळ पावलं धावायला लागली. त्या आवाजानं मी बावरले. मागं वळून बघितलं नाही. फक्कीची शेवटची पांढरी रेघ कधी ओलांडली ते मला समजलंच नाही, मी पळतच होते. एका हवालदार बाईंनी आडव्या येऊन दंडाला धरलं तेव्हा थांबले.

"संपलं की पळणं. कोण लागलंय गं मागं?"

श्वास नव्हता. बाईंनी माझा नंबर बघितला, साहेबांकडं बघून मान हलवली आणि मला सावलीत नेऊन बसवलं. थंडीत सावलीत बसवतात होय, असं मनात आलं. पास झाले होते.