ओवशाचं माहेर

केस अजून रत्नागिरीच्या कोर्टात चालू आहे, म्हणून इथे कुणाचंच नाव नाही. माझंही नाही. माझं लिहिलं तर वाडी कळेल, आणि वाडी कळली की बाकीचं कुणाला सांगावं लागत नाही.

मी देवरूखच्या बाजूच्या एका वाडीतली सून. तालुक्याच्या विधी सेवा समितीची स्वयंसेवक म्हणून गावोगाव जाते, बायकांना कायदे समजावून सांगते. माणसांच्या विक्रीवरही बोलते. नोकरीच्या नावाखाली मुलींना कसं नेतात, फोन कसा काढून घेतात, सगळं तोंडपाठ आहे मला. बायका माना डोलावतात आणि चहा कधी येणार ते बघतात. मुली इथून मुंबईला नेल्या जातात, अशीच आमची सगळ्यांची समजूत होती. बाहेरून कुणाला इथे आणून विकतील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

माझ्या शेजारच्या काकी विधवा. त्यांचा एकुलता एक मुलगा सहा आसनी रिक्षा चालवतो. चाळिशी आली तरी त्याचं लग्न जमेना. आमच्याकडे जावयाची मुंबईत खोली हवी, निदान खोलीची आशा तरी हवी. गावात राहून गाडी हाकणाऱ्याला मुली नाकं मुरडतात. शिमगा झाल्यावर एक माणूस छत्तीसगडकडची एक मुलगी घेऊन आला. म्हणाला, माझी बहीण आहे, आईबाप वारले, चांगलं घर बघतोय. देवळात हार घातले गेले. भावाने लग्नाच्या खर्चाचे म्हणून पैसे घेतले आणि त्याच दिवशी गेला. वाडीने जेवून हात धुतले. मीही जेवले.

मुलगी एकोणीस-वीस वर्षांची. मराठी येत नव्हतं, हिंदीही तुटक. काकी तिला स्वतःच्या हाताने वेणी घालायच्या, पहिली भाकरी तिच्या ताटात वाढायच्या. ती काहीही विचारलं तरी मान हलवायची. सून गरीब आहे, असं सगळ्या म्हणायच्या. गरीब म्हणजे गप्प, एवढंच आम्हाला कळत होतं.

त्या वर्षी गौरी पूर्वा नक्षत्रावर आल्या. म्हणजे नव्या सुनांचा पहिला ओवसा. आमच्यात त्यासाठी सुपं माहेरहून यावी लागतात. माहेरची माणसं फळंभाज्या भरून सुपं आणतात, सून ती गौरीपुढे ओवसते आणि मग एकेक सूप एकेका वडीलधाऱ्या बाईला देते. काकींनी हौसेने त्या भावाला फोन लावला. आधी तो म्हणाला येतो, मग म्हणाला ताप आलाय, मग फोनच बंद. शेवटी काकी बुरुडाकडून स्वतःच सुपं घेऊन माझ्याकडे आल्या.

"तू तिची म्हायेरची हो गो. पोरीचा वसा आडाय नको."

मला भरूनच आलं. गौरी घरात आल्या त्या दुपारी मी पडवीत तिच्याबरोबर सुपं भरायला बसले. काकडी, केळी, नारळ, विडा. हे सूप सासूचं, हे चुलत सासूचं, असं सांगत मी एकेक बाजूला ठेवत होते. एक सूप आईचंही असतं. आई नसेल तर ते तिच्या नावाने ठेवतात. म्हणून मी सहज विचारलं, आई जाऊन किती वर्षं झाली?

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते.

"माँ तो घर पे है," ती म्हणाली. "उसको पता है मैं काजू की फॅक्टरी में हूँ."

तो माणूस तिचा भाऊ नव्हता. काजूच्या कारखान्यात काम देतो म्हणून त्याने तिला आणलं होतं. फोन त्याच्याकडेच राहिला होता. पळालीस तर तुझ्या घरच्यांना पोलीस धरतील, असं सांगून तो गेला होता. त्यानंतर घरी तिचा एक शब्द पोचला नव्हता.

मला इतका राग आला की हातातली काकडी मोडली. त्या माणसाचा तर आलाच, पण जेवून हात धुणाऱ्या आम्हा सगळ्यांचाही आला. मी उठून काकींना चुलीपाशी गाठलं आणि स्पष्टच सांगितलं. पोलिसांत जावं लागेल. पैसे देऊन माणूस घेणं हाही गुन्हा आहे, तुमच्यावर आणि मुलावर केस होईल. तुम्हाला माहीत नव्हतं हे खरं, पण ते कोर्टात सांगावं लागेल.

काकी खाली बसल्या. मुलगा रिक्षाखालून बाहेर आला, हात ऑईलने माखलेले. बातमी फुटायला आमच्याकडे वेळ लागत नाही. वाडीचे अध्यक्ष आले, दोन-चार वडीलधारे आले. गणपती जाऊ देत, मग बघू, म्हणाले. वाडीचं नाव खराब होईल. आणि पोरगी काय उपाशी आहे का? शेवटच्या वाक्यावर मी तोंड उघडणार होते, पण काकीच बोलल्या.

"तिची आय जिती हाय. ती वाट बगीत आसंल, नि मी हितं तिच्या नावानं सूप भरू?" मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "गाडी काढ."

त्याने काढली. मला वाटलं होतं वाटेत कुठेतरी गाडी बिघडेल. काकींच्या मुलाबद्दल मी तेवढा वाईट विचार केला, पण तो सरळ देवरूखच्या पोलीस ठाण्यासमोर थांबला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला.

आत फौजदार मॅडम होत्या. काकींनी खुर्ची घेतली नाही. "मी पैसं दिलं, लिवा," म्हणाल्या. मॅडमनी त्यांना थांबवलं. आजी, हे तुमच्याच विरुद्ध जाईल, म्हणाल्या.

"जाऊ दे. लेकाचं पन लिवा. तो भायेर गाडीत हाय."

मग मॅडम मुलीकडे वळल्या आणि हळू आवाजात विचारलं, तुला काय हवंय, घरी जायचंय का? शिमग्यापासून हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आम्ही कोणीच नाही. सवयीप्रमाणे तिने काकींकडे पाहिलं, जणू पाणी आणू का असंच विचारायचं होतं.

काकींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "माज्याकडं बगू नको गो," त्या म्हणाल्या. "तुजं तू सांग."

"जाना है," ती म्हणाली. इतक्या मोठ्याने की बाहेर गाडीत बसलेल्यालाही ऐकू गेलं.