पडद्यावरचं पाखरू

अमळनेरच्या एसटी स्टँडमागे व्हिडिओ गेमचं दुकान होतं. कॉलेज सुटलं की बस येईपर्यंत मी तिथंच असायचो. तिथं रोज एक म्हातारा खेळायला यायचा. डोक्याला मळका रुमाल, बोटाला गोफणीच्या दोरीनं पडलेला घट्टा. लोकांच्या ज्वारीवरची पाखरं हाकलण्यात त्याचा जन्म गेला होता.

खेळातले पहिले दोन खड्डे तो बरोबर ओलांडायचा. मग समोरून पाखरू उडत आलं, की बटण सोडून दोन्ही हात वर करायचा आणि ओरडायचा, "हाऽ! हाऽ!" पाखरू धडकायचं, खेळ संपायचा. आम्ही सगळे खो खो हसायचो.

एकदा मी म्हणालो, "आबा, हात कशाला सोडता? उडी मारा ना."

पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "गावमा बठ्ठास्नी कपाशी लायी. जवारी गयी, पाखरं बी गयात. आते हाई एकच पाखरू येस, ते बी माले मारस."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. पाखरू दिसलं, तसं मी हसायला तोंड उघडलं. पण त्यानं हात वर केले नाहीत. बटणही दाबलं नाही. ते अंगावर येईपर्यंत तो नुसता बघत उभा राहिला.